मानाची साडी

तुळशीचे लग्न लागले की कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरच्या कापड दुकानांत बस्त्यांची गर्दी सुरू होते. अशाच एका दुकानाच्या साडी विभागात मी अठरा वर्षे काम करते. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच आहे आणि पुढे जे सांगणार आहे त्यातली निम्मी चूक माझी स्वतःची आहे.

डिसेंबरातला शनिवार होता. राधानगरीकडचे एक मोठे कुटुंब सकाळी अकरालाच बस्त्यासाठी गादीवर येऊन बसले होते. लहानमोठी मिळून बावीस माणसे होती, आणि नवरीचा शालू ठरेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही असे त्यांच्यातल्या थोरल्या काकूंनी बजावल्यामुळे माझ्यासमोर तीसेक शालू उलगडून पडले होते. तेवढ्यात दाराशी, चपला काढायच्या पायरीजवळ, आमच्याच दुकानाची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या एक बाई दिसल्या. त्या आतही येत नव्हत्या आणि परतही जात नव्हत्या. माझी नजर गेल्यावर मात्र गादीला वळसा घालून थेट माझ्याकडे आल्या.

"ताई, तुम्हीच दिलीसा की ही. रेशमी हाय म्हणालासा."

पिशवीतली साडी मी लगेच ओळखली. गर्द जांभळा रंग, मोरपंखी काठ, पदरावर कोयरी. तेवीस दिवसांपूर्वीचे बिल सोबत होते, रक्कम ६,८५० रुपये. घडी मोडलेली नव्हती. वरच्या पदरावर हळदीकुंकवाचे एक बोट उमटलेले होते आणि आत दोऱ्याला आमचे लेबल तसेच लटकत होते, त्यावर 'प्युअर सिल्क' असे छापलेले होते.

मावशी गारगोटीच्या पलीकडच्या एका गावातून पहाटेच्या एसटीने आल्या होत्या. मुलीचे लग्न इचलकरंजीत झाले होते आणि ही साडी त्यांनी विहीणबाईंना मानाची म्हणून नेसवायला दिली होती. विहीणबाईंची उभी हयात यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात गेलेली. त्यांनी काठाजवळचा कपडा दोन बोटांत चुरून पाहिला आणि चारचौघांत काहीच बोलल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात मात्र 'रेशीम म्हणून पॉलिस्टर दिले' हे वाक्य नव्या सुनेच्या कानावर पडेल अशा आवाजात बोलले गेले. मुलीने रडत आईला फोन केला, आणि मावशींनी इचलकरंजीला जाऊन ती साडी स्वतः मागून आणली.

आमच्या व्यवस्थापकांनी साडी उलगडण्याआधीच हळदीकुंकवाच्या डागावर बोट ठेवले आणि भिंतीवरची पाटी दाखवली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मग बस्त्याच्या मंडळींकडे एक नजर टाकून, "मावशी, जरा बाहेर बसा, गर्दी कमी होऊ दे," असे मऊ आवाजात सांगितले. त्या पाटीखाली उभे राहून गिऱ्हाइकांशी रोज मलाच बोलावे लागते, म्हणून ग्राहक संरक्षणाचा कायदा मी एकदा मुद्दाम मराठीतून वाचून काढला होता. २०१९ चा हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. वस्तू एका प्रतीची असताना दुसऱ्या प्रतीची म्हणून विकणेही तसेच. भिंतीवर पाटी लावल्याने यातले काही बदलत नाही. मी हे व्यवस्थापकांना हळू आवाजात सांगितले आणि आधी साडी तपासून पाहू असे म्हटले.

पैठणी असती तर पदर उलटा करून बरेच कळले असते, कारण हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखा दिसतो आणि यंत्रावरच्या पदराला मागे सुटे धागे असतात. पण ही यंत्रावरची काठपदराची साडी होती. खरी असो वा खोटी, मागचे धागे दोन्हींत सारखेच दिसतात. अशा वेळी धागा जाळून पाहण्याशिवाय इलाज नसतो. ब्लाउजपीसच्या न शिवलेल्या कडेतून मी एक धागा ओढला आणि बिलिंगच्या टेबलामागे काडी पेटवली. धागा ज्योतीपासून मागे आकसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी धरला. तो मणी मी चिमटीत दाबून पाहिला, चुरला नाही. रेशमाचा धागा हळूहळू जळतो, ज्योत बाजूला घेतली की विझतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत भुकटी होते. मावशींना हे काही समजावून सांगावे लागले नाही. विहीणबाईंनी त्यांना ते आधीच करून दाखवले होते.

इथे माझ्या वाट्याची चूक सांगायला हवी. ती साडी मी रात्री सव्वाआठला विकली होती. सकाळी साडेनऊपासून मी उभी होते. आमच्याकडे विक्रीच्या बाजूला खुर्ची ठेवायची पद्धत नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे बंधनकारक केले, ही बातमी आम्ही मुलींनी एकमेकींना वाचून दाखवली होती, त्यापलीकडे काही झाले नाही. त्या रात्री पोटऱ्या दुखत होत्या, समोर अजून दोन गिऱ्हाइके थांबलेली होती आणि मी कपड्याला हात न लावता फक्त लेबल वाचले. "घ्या मावशी, रेशीम आहे," हे शब्द माझे होते. रेशमी साडीमागे आम्हाला पन्नास रुपये इन्सेंटिव्ह मिळतो आणि तो त्या साडीवर मी घेतलेला होता. अठरा वर्षे ज्या बोटांनी कापड ओळखले ती बोटे मी त्या दिवशी वापरली नाहीत, हे मी मावशींसमोर कबूल केले.

काडीचा वास गादीपर्यंत पोहोचला असावा. थोरल्या काकू उठून आल्या आणि काय चालले आहे असे त्यांनी सरळ विचारले. व्यवस्थापक काही बोलायच्या आत मी खरे ते सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग आमच्या शालूचा पण धागा काढा." त्यांनी पसंत केलेल्या शालूला सिल्क मार्कचे लेबल होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून शुद्ध रेशमाला हे लेबल मिळते, असे मी त्यांना सांगितले, तरी त्यांनी धागा जाळायला लावलाच. केसांचा वास आला, राख चुरली. शालू त्यांनी घेतला. मानपानाच्या चाळीस साड्या मात्र दुसरीकडे बघतो म्हणून निघून गेल्या. निम्म्याहून अधिक बस्ता गेला आणि व्यवस्थापक दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मालक जेवून तीनच्या सुमारास आले. मी साडी, लेबल, बिल आणि कागदावर ठेवलेला तो काळा मणी त्यांच्यासमोर मांडला. त्यांनी मावशींना खुर्ची आणि चहा द्यायला सांगितले आणि पैसे परत करायची तयारी लगेच दाखवली. मावशींनी मान हलवली. "पैसं नगंत मला. पोरीला तिथं नांदायचं हाय. आमी फसवलं न्हाई, दुकानातनंच असं आलं, एवढं लिवून द्या."

रोख पैसे गल्ल्यातून काढून देणे सोपे असते, दुकानाच्या नावाच्या कागदावर स्वतःची चूक लिहून देणे नसते. मालक बराच वेळ गप्प होते. दुसरी, खऱ्या रेशमाची साडी देतो, किंमत जास्त असली तरी चालेल, असे त्यांनी दोनदा सुचवून पाहिले. मावशींचे म्हणणे असे, की नवी साडी नेली तर विहीणबाईंना वाटेल आता पकडल्यावर बदलून आणली. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि खोट काढावी असेही त्यात काही नव्हते. शेवटी मीच लेटरहेड पुढे ओढले आणि लिहिले: 'अमुक तारखेच्या बिलाची साडी आमच्या दुकानाने शुद्ध रेशीम असे सांगून व तसे लेबल लावून विकली. ती शुद्ध रेशमी नाही. ग्राहकाला याची कल्पना नव्हती. चूक दुकानाची आहे.' खाली विक्रेती म्हणून माझी सही केली आणि कागद मालकांकडे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला, सही केली आणि शिक्का स्वतःच्या हाताने मारला. मावशींना वाचता येत नव्हते. त्यांनी मला तो मोठ्याने वाचायला लावला, मग पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि चार घड्या घालून ब्लाउजच्या आतल्या पाकिटात ठेवला. जांभळ्याच रंगाची खरी रेशमी साडीही त्या घेऊन गेल्या. तिचा धागा मी त्यांच्यासमोर जाळून दाखवला.

त्या गेल्यावर आम्ही गठ्ठ्याचे मूळ बिल काढले. व्यापाऱ्याच्या बिलावर 'आर्ट सिल्क' असे स्पष्ट लिहिलेले होते. आर्ट या शब्दाने गिऱ्हाइकाला कलाकुसर वाटते, पण तो आर्टिफिशियल म्हणजे कृत्रिम या शब्दाचा तुकडा आहे, आणि व्यापारात व्हिस्कोसलाही आणि पॉलिस्टरलाही तोच शब्द लावतात. आमच्याकडे लेबल छापताना त्याचे 'प्युअर सिल्क' झाले होते. हे कसे झाले असे मी विचारले, तेव्हा कॉम्प्युटरवर चुकून झाले असे उत्तर मिळाले. त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या सात साड्या मी त्याच संध्याकाळी कपाटातून काढल्या, लेबले कापली आणि किंमत उतरवून 'आर्ट सिल्क, पॉलिस्टर' असे हाताने लिहून लावले.

मावशींची धरून पाच विकल्या गेल्या होत्या. बाकीच्या चौघींना बोलवायचे की नाही यावर मालकांशी माझी रात्री दुकान बंद होईपर्यंत चर्चा झाली. आपणहून तक्रार ओढवून घेऊ नये असे त्यांचे मत होते. पण मावशींसारखी चिठ्ठी मागायला आणखी कोणी आले तर ती तुम्हालाच लिहावी लागेल, असे मी म्हटल्यावर त्यांनी फोन करायची परवानगी दिली. सोमवारी तिघींना फोन लागले. दोघी येऊन पैसे घेऊन गेल्या, तिसरीने साडी आवडली आहे म्हणून फरकाची रक्कम घेतली. चौथे बिल रोखीचे होते आणि त्यावर ना नाव होते ना नंबर. विकणारी म्हणून त्यावर माझाच कोड होता, पण ते गिऱ्हाईक कसे दिसत होते हे मला आजही आठवत नाही.