एवढ्याशा खोलीत एवढी माणसं झोपायची कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लहानपणी लालबागच्या चाळीत राहायचो म्हटलं, की हा प्रश्न ठरलेला: दहा बाय बाराच्या खोलीत दहा-अकरा माणसं झोपायची कुठे? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत अकरा पथाऱ्या असतात. तसं सहसा होतच नसे, कारण सगळे एका वेळी झोपत नसत.

मी सांगतोय ते १९५५ ते ६५ च्या आसपासचं. कापडगिरणी तीन पाळ्यांत चालायची: सकाळी सात ते साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सात. वडील साच्यावर (म्हणजे मागावर), काका सूत कातायच्या त्रासन खात्यात, शिवाय गावचे तीन-चार बाप्ये आमच्याकडे राहायला आणि आईच्या हातचं जेवायला. रात्रपाळीवाला साडेसातला दारात यायचा तेव्हा पहिल्या पाळीवाला निघून गेलेला असायचा. त्याच जागेवर, पुष्कळदा त्याच गोधडीत, हा आडवा. आमची खोली गिरणीच्या भोंग्यावर चालायची, घड्याळ नव्हतंच.

रात्री आत बायका आणि पोरं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती, त्यामुळे वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात जाणारी आत्या रात्री घरीच असायची. बाप्ये गॅलरीत, नाहीतर खाली फुटपाथवर. त्यांना त्याचं वाईट वाटायचं असं समजू नका. साच्याच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवत आणि खिडक्या बंद. आठ तास तिथे उकडून निघालेला माणूस उन्हाळ्यात पुन्हा खोलीत कशाला शिरेल? पंचाईत व्हायची ती पावसाळ्यात. गॅलरीत झड आली की वळकट्या उचलून सगळे आत, आणि आम्हा पोरांना ढकलत ढकलत मोरीच्या कठड्यापर्यंत न्यायचे.

खरा घोळ बदलीवाल्यांचा. बदली कामगाराने पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. खात्यात कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर परत. आमच्याकडचा एक गाववाला रात्री साडेअकराला डबा घेऊन निघायचा. आई त्याची जागा धरून आमच्या पथाऱ्या ऐसपैस घालायची. साडेबाराला दाराची कडी वाजली की समजायचं, आज काम नाही. तो काही बोलायचा नाही, डबा कोनाड्यात ठेवायचा, आणि आम्ही झोपेतच सरकायचो. शिमग्याला, गणपतीला कायमवाले कोकणात गेले की याला रोज काम मिळायचं. खोलीतही जागा व्हायची. वर्षातले ते दिवस आम्हाला फार आवडायचे.

पुढचा प्रश्न लोक अर्धाच विचारतात: मग नवरा-बायकोचं काय? दांडीवर लुगडं आडवं टाकलं की झाला पडदा. बहुतेकांनी बायका गावीच ठेवल्या होत्या. एक कारण शेती, दुसरं ही अशी खोली.

जागेपेक्षा आम्हाला नडायची ती दिवसाची शांतता. कोणीतरी झोपलेलं असायचंच. वडिलांना स्टोव्हच्या आवाजाने जाग येत नसे. साच्यांच्या खडखडाटात कान निबर झालेले, घरीसुद्धा ते ओरडूनच बोलत. पण आम्ही कुजबुजलो की टक्क जागे! त्यामुळे पाढे पाठ करायचे ते जिन्यात, आणि परीक्षेच्या दिवसांत रस्त्यावरच्या दिव्याखाली.

हल्ली चाळसंस्कृतीवर फार गहिवरून लिहितात. दारं सताड उघडी असायची, हे खरं आहे. बंद केली असती तर आत मावलो नसतो, हेही खरं. संडासाच्या रांगेत मात्र मला कधी संस्कृती भेटली नाही. शेजारपाजार होता, आजारपणात धावून यायचा, आणि आमच्याकडे आज काय शिजलंय हेही त्याला ठाऊक असायचं. आत्याला पगारातला एक रुपयादेखील लपवून ठेवता आला नाही.

हे सगळं गणित जमायचं ते गिरणी चालू होती तोवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा कुर्ल्याला राहायला गेलो होतो. खोलीत काका, त्यांची मुलं आणि गाववाले. आता पाळी कोणालाच नव्हती. रात्री सगळे हजर, दिवसाही सगळे हजर. काकांनी आधी गाववाल्यांना भाड्याचे पैसे देऊन कोकणात लावून दिलं, मग काकू आणि धाकटा गेला. स्वतः खोली धरून बसले. पागडी घेऊन सोडली असती तर चार पैसे हातात आले असते, पण त्या पैशांत मुंबईत दुसरी खोली मिळाली नसती.