काजूच्या मोसमातला माकडताप

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात २०१६ च्या जानेवारीत माकडतापाचे, म्हणजे गोचिडी चावून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण सापडले आणि हा आजार महाराष्ट्रात आल्याचे स्पष्ट झाले. त्याआधीच्या वर्षी शेजारच्या गोव्यातील सत्तरी तालुक्यात, पाली गावी, त्याची साथ येऊन गेली होती. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरही त्याच्या तावडीत सापडला. गोवा, कर्नाटक आणि सिंधुदुर्ग यांच्या सीमा माणसांनी आखल्या आहेत, सह्याद्रीचे जंगल सलगच आहे.

या आजाराची पहिली नोंद १९५७ सालची आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसे तापाने फणफणू लागली, तेव्हा हा पीतज्वर तर नव्हे, अशी धास्ती तज्ज्ञांना वाटली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू वेगळा असल्याचे शोधून काढले.

विषाणूचा खरा मुक्काम गोचिडीत आणि जंगलातल्या उंदरांसारख्या लहान प्राण्यांत असतो. वानर आणि लाल तोंडाचे माकड हे दोन्ही त्याला माणसांप्रमाणेच बळी पडतात. माकड मेले की थंड पडलेल्या देहावरून गोचिडी खाली उतरतात, आणि तेवढा जमिनीचा तुकडा पुढे बरेच दिवस धोक्याचा राहतो. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर सहज दिसते, परंतु माणसाला बहुधा चावते ते तिचे पिल्लू, आणि ते तिळाहूनही बारीक असल्यामुळे चावल्याचे कळतही नाही.

या पिल्लांचा सुळसुळाट साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो, आणि आमच्याकडचा काजूचा हंगामही याच दिवसांत येतो. बोंडू गळून पडतात, बिया वेचायला सकाळी लवकर बागेत जावे लागते, वाकून किंवा बसून पाल्यात हात घालावा लागतो. भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेताची जमीन भाजण्यासाठी, बायका पातेरा (वाळलेला पाला) गोळा करतात आणि तो डोक्यावरून घरी आणतात. त्यासोबत गोचिडी मानेवर, केसांत आणि शेवटी गोठ्यात येतात. अशा वेळी ‘जंगलात जाऊ नका’ असे फलक लावणे मला निरर्थक वाटते, कारण ज्या घराचा वर्षाचा खर्च काजूवर चालतो त्या घराला हा सल्ला पाळणे शक्यच नाही. अंगभर कपडे, उघड्या त्वचेला गोचिडींना दूर ठेवणारे डीएमपी तेल, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात धुणे, एवढे मात्र जमण्यासारखे आहे; तेल हंगाम सुरू होण्याआधी वाडीवर पोहोचले पाहिजे, ही अट तेवढी सांभाळायला हवी.

मेलेल्या माकडाची खबर हाच सर्वांत आधी मिळणारा इशारा असतो. केळी आणि नारळ यांची नासधूस करणाऱ्या माकडाच्या मरणाचे दुःख बागायतदाराला फारसे होत नाही, तर काही ठिकाणी मारुतीचे रूप म्हणून त्याला श्रद्धेने, उघड्या हातांनी पुरले जाते. धोका दोन्हींत आहे. वन किंवा आरोग्य खात्याला कळवले, तर भोवतालच्या सुमारे ५० मीटर परिघात कीटकनाशक भुकटी टाकली जाते आणि मृत माकडाची तपासणीही होऊ शकते.

या तापावर नेमके औषध नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिलेल्या लशीचे संरक्षणही तोकडेच ठरले. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी आणि पाठीत व पोटऱ्यांत असह्य वेदना सुरू होतात. काहींना रक्तस्राव होतो, तर काहींचा ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी परत येतो आणि मेंदूवर परिणाम करतो. शंभरांत तीन ते पाच रुग्ण दगावतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा असाच ताप, पण तो पावसाळ्यातला, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये असा रुग्ण आला की डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी लिहून देतानाच तो काजूच्या बागेत किंवा पातेऱ्याला गेला होता का, हे विचारावे. आणि त्यांनी नाही विचारले, तरी घरच्यांनी ते आपणहून सांगावे.