तुम्ही विचारलंत म्हणून: नवा करार शिकवताना मी यहुद्यांचं मधे का आणते

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बायबल अभ्यास घेते त्याला आता बरीच वर्षं झाली आणि एक प्रश्न मला दर दोनतीन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच, की ताई, आपल्याकडे नवा करार आहे, येशू आहे, मग हे यहुदी लोकांचे सण, त्यांचे नियम, त्यांची भांडीकुंडी कशाला मधे आणता? कोणी प्रेमाने विचारतं, कोणी जरा संशयाने, एकदा तर एक पाळकसाहेब माझा विश्वास डळमळीत झालाय का अशा काळजीने घरी येऊन बसले होते. प्रत्येक वेळी चहा होईपर्यंत जेवढं सांगून होतं तेवढंच होतं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

माझं लहानपण अलिबागला गेलं, वडिलांच्या नोकरीमुळे. शेजारी एक बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी, आजी राहायची. नऊवारी नेसायची, तांदळाची भाकरी आमच्या आईपेक्षा चांगली थापायची, मराठी तर अगदी ठसक्यात. पण शनिवारी तिच्या घरात चूल पेटत नसे. गावातली जुनी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची, म्हणजे पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे असायचे आणि ते शनिवारी बंद असायचे म्हणून. तर संडे स्कूलसाठी मला नव्या करारातल्या मार्कच्या पुस्तकाचा बारावा अध्याय पाठ करायचा होता. सगळ्यात पहिली आज्ञा कोणती असं एक शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, येशूला विचारतो आणि येशू सांगतो, हे इस्राएला ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. मी ओट्यावर बसून मोठ्याने घोकत होते आणि आजी आतून म्हणाली, अगं हे तर आमचं, शमा इस्राएल, रोज म्हणते की मी.

मला तेव्हा रागच आला होता, हे येशूचं वाक्य आहे आणि ही म्हणते आमचं! पुष्कळ वर्षांनी कळलं की आजीचंच बरोबर होतं. हे जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं आहे आणि यहुदी माणूस सकाळ संध्याकाळ ते म्हणतो. कोकणातले बेने इस्राएल कितीएक पिढ्या बाकीच्या यहुदी जगापासून तुटलेले होते, हाताशी पोथ्या नाहीत, शिकवणारे नाहीत, तरी शनिवार, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ही एक प्रार्थना त्यांनी सोडली नाही. म्हणजे येशूने त्या शास्त्र्याला काही नवीन शोधून सांगितलं नव्हतं, त्या माणसाने त्याच सकाळी स्वतःच्या तोंडाने जे म्हटलं असणार तेच त्याला परत दिलं, आणि त्याला लेवीय या जुन्या करारातल्याच पुस्तकातलं शेजाऱ्यावर प्रीती कर हे जोडलं. आणि तो शास्त्री काय म्हणतो? गुरुजी, बरोबर बोललात. मग येशू त्याला म्हणतो तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. दोघेही एकाच घरातले आहेत हो. आपण मात्र शास्त्री आणि परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) हे शब्द दिसले की लगेच खलनायक आले असं वाचतो.

आता खरं दुखणं सांगते. एका मंडळीत (कुठली ते लिहीत नाही) एक बाई नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती आणि तिला मत्तयाचा एकोणिसावा अध्याय उघडून दाखवला गेला, देवाने जे जोडलं ते माणसाने तोडू नये, परत जा. ती परत गेली. पुढे काय झालं ते लिहायची माझी तयारी नाही. पण तेव्हापासून तो अध्याय मी शंभर वेळा तरी वाचला असेन आणि तिथेच मला पहिल्यांदा कळलं की मागचा इतिहास माहीत नसणं ही साधी गोष्ट नाही, त्याने माणसं मोडतात.

त्या अध्यायात परूशी विचारतात काय ते नीट बघा. बायको सोडणं योग्य आहे का, एवढंच नाही विचारत, 'कोणत्याही कारणावरून' सोडणं योग्य आहे का असं विचारतात. हे शब्द सहज आलेले नाहीत. त्या काळात हिल्लेल आणि शम्माई अशा दोन गुरूंच्या घराण्यांत यावरून वाद होता, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात बायकोमध्ये काही 'लाजिरवाणी गोष्ट' आढळली तर सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यावं असं आहे, त्या शब्दांचा अर्थ काय यावरून. शम्माईवाले म्हणायचे, व्यभिचारासारखंच काही असेल तरच. हिल्लेलवाले म्हणायचे, तिने स्वयंपाक करपवला तरी चालेल. आणि नंतरच्या काळातला अकीबा गुरू तर म्हणतो दुसरी जास्त सुंदर दिसली तरी. हे मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी गुरूंच्या नियमांच्या आणि वादांच्या संग्रहात, आहे. योसेफस म्हणून जो यहुदी इतिहासकार होता, इसवी सन 37 मध्ये जन्मलेला, तोही कायदा सांगताना अशाच शब्दांत सांगतो, की कोणत्याही कारणाने बायकोला सोडायचं असेल त्याने लेखी द्यावं, आणि स्वतःबद्दल लिहितो की मला तिचं वागणं आवडलं नाही म्हणून बायको सोडली. बस्स एवढंच, एका ओळीत.

आता परत वाचा. प्रश्न नवऱ्याच्या सोयीचा आहे, भाजी करपली म्हणून बाईला सूटपत्र हातात देऊन दाराबाहेर काढता येईल का, आणि येशू म्हणतो नाही. तो शम्माईच्या बाजूचा वाटतो पण तिथे थांबत नाही, सरळ बायबलच्या पहिल्या पुस्तकापर्यंत, उत्पत्तीपर्यंत मागे जातो, नर आणि नारी, दोघं एकदेह. म्हणजे तो बाईला रस्त्यावर काढणाऱ्या पुरुषाला अडवतोय, आणि आपण तेच वचन घेऊन मार खाणाऱ्या बाईला परत त्याच घरात ढकलतो. मारहाणीचा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. आणि यहुदी कायद्यात बायकोचे हक्क नव्हते असंही नाही, जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क यांत कमी पडला तर ती मोकळी असं आहे (ते दासी म्हणून आणलेल्या बायकोबद्दल आहे, पण पुढे त्यावरूनच सगळ्या बायकांच्या हक्कांचा विचार झाला), आणि कोणत्या प्रकरणांत नवऱ्याला सूटपत्र द्यायला भाग पाडायचं याची चर्चा मिश्नात आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर मी त्या मीटिंगमध्ये उठून बोलले असते. माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसले.

दुसरं मला फार आवडतं ते काना गावचं लग्न. योहान लिहितो की तिथे यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीप्रमाणे पाण्याचे सहा दगडी रांजण होते. दगडीच का? लेवीयाच्या अकराव्या अध्यायात मातीचं भांडं विटाळलं तर ते फोडून टाकावं असं सांगितलंय, आणि दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही असं पुढे यहुदी शास्त्र सांगतं. आपल्याकडे ज्यांच्या घरात आजीचं सोवळं बघितलेलं आहे, ग्रहण सुटल्यावर मातीची मडकी टाकून दिलेली बघितली आहेत, त्यांना हे एका मिनिटात कळतं, मला शहरातल्या मुलांना समजवायला अर्धा तास लागतो. आणि हे नुसतं पुस्तकातलं नाही, इसवी सन 70 मध्ये रोमी सैन्याने जाळलेल्या यरुशलेममधल्या घरांत असे अखंड दगडातून घडवलेले मोठाले रांजण सापडलेत, आणि उत्तरेकडच्या गालील प्रांतात नाझरेथजवळ रैना गावापाशी 2017 मध्ये चुनखडीच्या खाणीतला अशी भांडी बनवायचा कारखानाच खणून निघाला. म्हणजे गालीलातली साधी गावातली माणसंसुद्धा शुद्धतेबद्दल इतकी जागरूक होती. एकेका रांजणात अंदाजे ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावत होतं असं योहानाने दिलेल्या मापावरून निघतं, सहांचे मिळून पाचशे ते सातशे लिटर धरा!

यावर प्रवचन ठरलेलं असतं, की येशूने यहुद्यांचं कर्मकांड मोडीत काढलं. मला ते पटत नाही. रांजण त्याने फोडले नाहीत, बाजूलाही सारले नाहीत, ते काठोकाठ भरायला सांगितले. जे भांडं त्या घराने शुद्ध म्हणून जपलं होतं त्यातूनच द्राक्षारस आला.

मग योहानाचा दहावा अध्याय. तिथे एक वाक्य आहे जे आपण घाईत ओलांडून जातो, यरुशलेमात मंदिराच्या पुनःसमर्पणाचा सण होता, हिवाळा होता, येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. हा सण म्हणजे हनुक्का. ही गोष्ट मक्काबींच्या पुस्तकात आहे, कॅथलिक बायबलात मिळेल, आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही, त्यामुळे आमच्या लोकांना जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी संपलं की एकदम नव्या करारातलं पहिलं मत्तय, मधली चारशे वर्षं कोरीच. तर इसवी सन पूर्व 167 मध्ये अंत्युखस नावाच्या ग्रीक राजाने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं, सुंता आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणाऱ्यांना मारलं. या राजाने स्वतःच्या नाण्यांवर काय लिहून घेतलं होतं? प्रकट झालेला देव. मग यहुदा मक्काबीच्या लोकांनी लढून इसवी सन पूर्व 164 मध्ये मंदिर परत घेतलं, शुद्ध केलं, समर्पण केलं, आणि त्याची आठवण म्हणून हा सण.

हे मनात ठेवून वाचा. त्याच मंदिरात, त्याच सणाला लोक येशूभोवती जमतात आणि म्हणतात आम्हाला किती दिवस टांगून ठेवणार, तू ख्रिस्त (देवाने पाठवलेला सोडवणारा) असलास तर उघड सांग. परकीयांच्या हातून सुटका झाली त्याचा सण आहे आणि डोक्यावर आता रोमी बसलेत, तो प्रश्न किती तापलेला असेल. येशू म्हणतो मी आणि पिता एक आहोत, आणि लोक दगड उचलतात, तू माणूस असून स्वतःला देव म्हणवतोस म्हणून. मी लहानपणी हे वाचून म्हणायचे किती दुष्ट लोक. आता वाटतं, अहो, स्वतःला देव म्हणवणाऱ्या माणसाने या मंदिराचं काय केलं होतं ते त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांनी भोगलं होतं आणि त्याच आठवणीचा तो दिवस होता, ते कसे गप्प बसतील? आणि येशूही त्यांना झिडकारत नाही, त्यांच्याच शास्त्रातून, स्तोत्रसंहितेतून उत्तर देतो, आणि पित्याने ज्याला पवित्र करून जगात पाठवलं असं स्वतःबद्दल म्हणतो. मंदिर परत पवित्र केल्याच्या सणाला हा शब्द! मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते.

पण एक सांगितलंच पाहिजे, यहुदी पार्श्वभूमी म्हणून जे जे फिरतं ते सगळं खरं नसतं. ईस्टर आला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज येतोच, कबरेत रुमाल घडी करून ठेवला होता कारण यहुदी मालक जेवताना परत येणार असेल तर रुमाल घडी करून ठेवायचा. अशी कुठलीही प्रथा जुन्या यहुदी ग्रंथांत नाही. सुईच्या नेढ्यातून उंट, त्याचंही तसंच, यरुशलेममध्ये सुई नावाचा बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघ्यावर बसून आत जायचा, हे मी स्वतः एकदा शिकवलं होतं, नंतर कळलं की येशूच्या काळातल्या अशा दरवाजाचा काही पुरावाच नाही, मग पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चेचा मोठा यहुदी ग्रंथ) सुईच्या नेढ्यातून हत्ती जाण्याची म्हण आहे, अशक्य गोष्टीसाठी. म्हणजे ते तसंच अशक्य म्हणून वाचायचं, श्रीमंतांसाठी सोपं करायचं नाही. आणि मिश्ना लिहून पूर्ण झाली साधारण इसवी सन 200 च्या सुमारास, त्यामुळे त्यातलं प्रत्येक वाक्य उचलून येशूच्या काळात टाकता येत नाही, जपून वापरावं लागतं.

जपून यासाठीही की परूशी हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. हेरोद तुला मारायला बघतोय, इथून निघ, हे येशूला सांगायला येतात ते परूशीच, लूकचा तेरावा अध्याय. प्रेषितांना वाचवणारा गमलियेल परूशी. आणि पौल प्रेषितांच्या कृत्यांत मी परूशी होतो असं म्हणत नाही, मी परूशी आहे म्हणतो. घरातल्या माणसांनी घरातल्यांना सुनावलेले शब्द पुढे बाहेरच्यांनी उचलले आणि यहुद्यांवर शतकानुशतकं युरोपात काय काय केलं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या कोकणात त्या आजीच्या लोकांना कोणी कधी छळलं नाही, पण संडे स्कूलमध्ये यहुद्यांनी प्रभूला मारलं हे मीही शिकले होते आणि संध्याकाळी तिच्याच हातची भाकरी खात होते.

गेल्या गुड फ्रायडेला वर्गातल्या एका मुलीने विचारलं, येशू वधस्तंभावरून एलोई एलोई (माझ्या देवा, माझ्या देवा) म्हणतो तर लोकांना तो एलीयाला हाक मारतोय असं का वाटलं, मधेच एलीया कुठून आला? मी तिला आजीच्या घरचा मलिदा सांगितला. घरात काही चांगलं झालं, नवस फिटला की ताटात भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वर फळं मांडायची आणि सगळे मिळून एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हणायचे, कारण एलीया संदेष्टा मेला नाही, तो स्वर्गात गेला आणि अडचणीत असलेल्याकडे येतो अशी श्रद्धा. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा आहेत असं ते लोक मानतात, आजी आम्हाला तिथे घेऊन गेली होती. मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, म्हणजे खाली उभे असलेल्यांतले काहीजण खरंच वाट बघत असतील, की एलीया येईल आणि याला उतरवेल?