रापणीत कॅमेरा कुठे उभा करायचा?

रापण, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांच्या दोरांनी ओढायचं मोठं जाळं, लागली की कुठे बघू आणि कुठे नको असं होतं. समोर समुद्र, उत्तरेला एक दोर, दक्षिणेला दुसरा, दोन्हीकडे ओढणाऱ्यांच्या रांगा आणि मागे टोपल्या घेऊन थांबलेल्या बायका. साध्या कॅमेऱ्यात यातलं एकच काहीतरी मावतं. म्हणून मालवणजवळच्या एका वाडीतली रापण मी ३६० अंशांत, म्हणजे एकाच वेळी चहूकडचं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, चित्रित केली. रापण ओढणाऱ्या संघातल्या काकांना आधी विचारलं. "काढ मगे, पण दोराच्या आड येव नको," एवढीच अट.

या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेली दोन फिशआय, म्हणजे खूप रुंद बघणारी, भिंगं असतात. दोन्हींची चित्रं सॉफ्टवेअर कडेला जोडतं, आणि त्या जोडावर जवळचं माणूस आलं तर हात एकीकडे, खांदा दुसरीकडे. सहज सुचतं ते एक भिंग समुद्राकडे आणि दुसरं जमिनीकडे लावायचं. पण मग जोड नेमका दोरांवर, म्हणजे ओढणाऱ्या माणसांवर पडतो. मी भिंगं उत्तर-दक्षिण ठेवली. जोड गेला क्षितिजावर आणि माडांवर. तिथे जवळ काहीच नसल्याने तो दिसत नाही. एक्स्पोजर हाताने पक्कं केलं, नाहीतर दोन भिंगं आपापल्या मनाने उजेड ठरवतात.

झूम इथे नसतोच. ५.७के म्हणजे ५७६० बाय २८८० पिक्सेल, ऐकायला भरपूर. पण डोळ्यांवर चढवून बघायच्या हेडसेटमध्ये एका वेळी ९० अंश दिसले तर वाट्याला रुंदीतले जेमतेम १४४० येतात. दहा मीटरवरचा बांगडा नुसता ठिपका. त्यामुळे स्टँड जाळं बाहेर येतं तिथून दीड-दोन मीटरवर, डोळ्यांच्या उंचीवर रोवला. लाटेचा एक थेंब भिंगावर बसला तरी अख्खं आभाळ धुरकटतं, म्हणून गोड्या पाण्यात भिजवलेलं फडकं खिशात. होडीत कॅमेरा नेलाच नाही: डोळे म्हणतात हलतोय, तोल सांभाळणारे कान म्हणतात बसलोय, आणि बघणाऱ्याला मळमळतं.

राहिला प्रश्न मी लपू कुठे? फ्रेमच नाही, तर फ्रेमबाहेर जाणार कुठे! शेवटी दोर धरला. तळव्यांची सालं निघाली, पण लपायला याहून चांगली जागा नव्हती.

बघणाऱ्याची मान मात्र आपल्या हातात नसते. तिला वळवायला आवाज लागतो. चहूबाजूंचा आवाज दिशेसकट टिपणारा चार चॅनलचा वेगळा रेकॉर्डर ठेवला होता, त्यामुळे मान फिरली तरी आवाज आपल्या जागीच राहतो. जाळ्याचा फुगलेला मधला भाग पाण्यावर येण्याआधी तिकडून आरोळी उठते, ती मी थोडी वाढवली. एडिटमध्ये प्रत्येक शॉटला निवांत वेळ दिला; लोकांना आधी चहूकडे बघून घ्यायचं असतं. शेवटी फाइलमध्ये ३६०ची नोंद राहिलीय ना तेही तपासलं, कारण ती गळली की यूट्यूबवर सपाट, ताणलेलं चित्र दिसतं.

वाडीत हेडसेट फिरला. आरोळी आली की पोरं झटकन समुद्राकडे वळायची. काका मात्र पाठमोरे, टोपलीवाल्यांकडे तोंड करून.

"काका, जाळं तिकडे!"

"मासो येतलो ता माका म्हायत आसा. गिऱ्हायका किती इली ता बघूक नको?"

लिलावाचा शॉट मी शेवटी नावापुरता ठेवला होता. तो आता दीड मिनिटाचा आहे.