पीएच.डी.च्या मधोमध उद्योगातील इंटर्नशिप

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एका कंपनीच्या संशोधन विभागात १२ आठवड्यांची इंटर्नशिप केली. ती जुळवायला मात्र जवळजवळ ८ महिने लागले. उन्हाळ्यातील जागांसाठीची निवड अनेक ठिकाणी आदल्या वर्षाच्या अखेरीसच सुरू होते, हे मला उशिरा कळले. संकेतस्थळांवरून केलेल्या अर्जांना उत्तरे आली नाहीत (एक आले, तेही इंटर्नशिप संपल्यावर). उपयोग झाला तो ज्यांचे शोधनिबंध मी खरोखर वाचले होते, अशा संशोधकांना पाठवलेल्या चार ओळींच्या ईमेलचा, कारण कोणाला घ्यायचे याबाबत बहुधा त्यांचाच शब्द चालतो.

माझ्या मार्गदर्शकांशी मी सर्वांत आधी बोलायला हवे होते. त्यांची हरकत माझ्या गैरहजेरीला नव्हती. तेथील काम प्रबंधात वापरता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. तेथे लागलेल्या शोधाची मालकी करारानुसार सहसा कंपनीकडे जाते आणि निबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी तिची परवानगी लागते. विद्यापीठाचे बौद्धिक संपदेचे नियम याच्याशी जुळले नाहीत, तर दोन्हीकडच्या कायदा विभागांचा पत्रव्यवहार आठवडेच्या आठवडे चालतो. म्हणून आधीपासून चालू असलेले स्वतःचे संशोधन सही करण्यापूर्वीच करारातून लेखी वगळून घ्यावे. परदेशी विद्यार्थ्यांनी व्हिसावर अशा कामाची मुभा आहे का, हे त्याहूनही आधी तपासावे. शिष्यवृत्ती त्या काळात थांबते का, हेही विचारावे. माझी थांबली होती, आणि ते मला पहिल्या महिन्याच्या शेवटी समजले.