धरणात भाल्याने मासे मारायची परवानगी: माझा अनुभव

आधीच सांगतो, मुंबईला पाणी देणारे तानसा, विहार, तुळशी हे तलाव डोक्यातून काढून टाका. विहार-तुळशी नॅशनल पार्कात, तानसा अभयारण्यात, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा, साधा गळ टाकलात तरी उचलतील. राहिले शहापूर-मुरबाडकडचे छोटे तलाव. पाणी पाटबंधारेचं, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, म्हणून तिकडे अर्ज टाकला.

साहेबांनी अर्ज वाचला आणि म्हणाले गळ लिहा ना. म्हटलं गळ नाही, पाण्यात उतरून स्पिअरगनने, म्हणजे रबराने भाला सोडणाऱ्या बंदुकीने मारायचेत. त्यांनी बाजूच्या मॅडमना बोलावलं, दोघांनी अर्ज उलटासुलटा करून बघितला आणि निकाल दिला, "भाला म्हणजे हत्यार, पोलिसांची एनओसी आणा." पोलीस स्टेशनात हवालदार हसायलाच लागले, मासे आमच्या हद्दीत येत नाहीत म्हणे. परत खिडकीवर, तर साहेब रजेवर आणि मॅडम विचारतायत आवक नंबर काय, जो मी मागूनही यांनीच दिला नव्हता! बरं, नियम दाखवा म्हटलं तर तोही नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारायला 1897 पासून बंदी आहे हे सगळ्यांना पाठ, भाल्याचं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघणार. आणि पहिल्या पावसात वलगणीच्या, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांसाठी अख्खं गाव कोयते, काठ्या, बॅटऱ्या घेऊन रात्रभर ओढ्यात असतं, त्यांच्याकडे कोण मागतं एनओसी?

शेवटी तिथल्या शिपायानेच सांगितलं, अहो तलाव मच्छीमार सोसायटीला ठेक्याने दिलाय, मासे धरायचा हक्क त्यांचा, त्यांना विचारा. हे खिडकीवर सांगायला काय झालं होतं?

आसनगावला उतरून गेलो. चेअरमन काका ओट्यावर जाळं सांधत बसलेले. गन हातात घेतली, रबर ताणून बघितलं, म्हणाले, "रोहू-कटल्याला हात लावायचा नाही, बीज आम्ही सोडलंय. चिलापी मार हवी तेवढी." (चिलापी म्हणजे तिलापिया मासा.) लगेच लेटरहेडवर लिहून सही-शिक्का.

त्या पत्राची झेरॉक्स जवळ ठेवा, वॉचमन विचारतोच. बांधाच्या भिंतीजवळ आणि सांडव्याकडे उतरू नका, ते पाटबंधारेवाले चालवून घेत नाहीत. ओळखीत कुणाचं खासगी शेततळं असेल तर उत्तमच, मालकाने लिहून दिलं की झालं. हां, आणि दिवाळीच्या आधी जाऊ नका, पाणी चहासारखं असतं, स्वतःचा हात दिसत नाही.