स्पिरिट टेंपलची वाट आणि आयर्न नकलची कुऱ्हाड

झेल्डा मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम'मधलं स्पिरिट टेंपल ही माझी सगळ्यांत लाडकी जागा. निन्टेंडो स्विचवर गेम पुन्हा खेळायला घेतला आणि नुकताच तिथवर जाऊन आलो. जे पहिल्यांदाच तिकडे निघालेत आणि ज्यांनी तिथल्या आयर्न नकल या चिलखतधारी शत्रूचं नुसतं नाव ऐकलंय, त्यांच्यासाठी हा वृत्तांत. गेम मूळचा १९९८चा, निन्टेंडो ६४ वरचा. २०११ मध्ये तो थ्रीडीएसवर नव्या रूपात आला आणि २०२१ पासून स्विच ऑनलाइनच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये मिळतो. कुठेही खेळलात तरी वाट हीच. पुढे कथेतलं एक मोठं गुपित येणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

निघण्याआधी सामान तपासा. लाँगशॉट किंवा हॉवर बूट्स, दोन्हींपैकी एक हवंच. लाँगशॉट, म्हणजे साखळीने आपल्याला पलीकडे खेचून नेणारा लांब पल्ल्याचा हुकशॉट, वॉटर टेंपलमध्ये मिळतो; क्षणभर हवेत चालू देणारे बूट्स शॅडो टेंपलमध्ये. काकारिको गावातल्या विहिरीखालून आणलेली लेन्स ऑफ ट्रुथ, म्हणजे अदृश्य गोष्टी दाखवणारं भिंग, तर पाहिजेच पाहिजे. धनुष्य, भरपूर बाण, बॉम्ब आणि निदान एक रिकामी बाटली घ्या. मॅजिकची पट्टी काठोकाठ भरलेली असू द्या, कारण लेन्स डोळ्याला लावली की मॅजिक सतत खर्च होत राहतं.

गेमचा नायक लिंक लहान आणि मोठा अशा दोन काळांत वावरतो. गेरुडो व्हॅलीतला पूल मोठ्या लिंकच्या काळात तुटलेला असतो. एपोना या घोडीवर बसून सरळ दौड मारली तर ती दरी एका उडीत पार करते. लाँगशॉटनेही पलीकडे जाता येतं, पण घोडी असताना ती मजा का सोडायची? कोजी कोंडोंचं इथलं गिटारचं संगीत सुरू असताना मी दर वेळी दोन-चार फेऱ्या उगाच मारतो.

पुढच्या गढीत, गेरुडो या वाळवंटातल्या बायकांच्या टोळीने, चार सुतार कोंडलेले आहेत. पहारेकरणींना लांबूनच बाण मारून आडवं करा आणि मगच पुढे सरका. प्रत्येक सुतारामागे दोन तलवारींची एक गेरुडो लढायला येते. तिचा गिरकीचा वार बसला की लिंक थेट कोठडीत. तिथून हुकशॉट लावून वरच्या खिडकीतून सुटता येतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त वेळ जातो. चौघं सुटले की गेरुडोंचं ओळखपत्र मिळतं, आणि मग वाळवंटाचं फाटक उघडायला सांगता येतं.

फाटकापलीकडे गेल्या गेल्या वाळूची नदी आडवी येते. दिसायला साधी जमीन, पण पाय टाकला की लिंक आत खचतो. पलीकडच्या काठावर लाकडी खोकी ठेवलेली आहेत, त्यांवर लाँगशॉट लावा. त्यानंतर वावटळीत दहा पावलांपुढचं काही दिसत नाही. वाळूत लाल निशाणं रोवलेली आहेत. एका निशाणाशी पोहोचलं की तिथेच उभं राहायचं, कॅमेरा सावकाश फिरवायचा, पुढचं निशाण नजरेत आलं की मगच पाऊल उचलायचं. अंदाजाने चालू लागलात तर वाळवंट तुम्हाला परत फाटकाशी आणून सोडतं. वाटेत जादूच्या गालिच्यावर बसलेला एक व्यापारी भेटतो. त्याच्याकडे २०० रुपयांना (रुपये हायरूलचे) बॉम्बच्यू (सरपटत जाणारे बॉम्ब) मिळतात. गरज असेल तरच घ्या, भाव चढा आहे.

निशाणं संपतात तिथे दगडी गढीवजा बांधकाम लागतं. इथे लेन्स लावायची. लेन्समधून एक भूत दिसतं, आणि तेच पुढचा वाटाड्या. ते सरळ रेषेत नेत नाही, मध्येच वळतं, मध्येच थांबतं. त्याच्या पाठोपाठ चिकटून राहा, जमिनीतून उसळणाऱ्या लीव्हर्सशी लढत बसू नका. मॅजिक अर्ध्या वाटेत संपलं तर सगळा प्रवास पहिल्यापासून, म्हणून पट्टी भरून आणा असं आधीच म्हटलं.

वावटळ एकदम थांबते आणि समोर डेझर्ट कलोसस. कड्यातच कोरलेली देवीची बसलेली प्रचंड मूर्ती, दोन्ही बाजूंना पुढे केलेले दोन हात. या हातांकडे नीट बघून घ्या. मंदिरातल्या दोन्ही मोठ्या लढायांनंतर तुम्ही याच तळहातांवर बाहेर येणार आहात. या गेमची मंदिरं आखण्याचं काम एइजी आओनुमांकडे होतं, आणि बाहेरून दिसणारी मूर्ती आतल्या वाटांशी अशी जोडणं मला आजही फार मोठं काम वाटतं.

मोठ्या लिंकला या खेपेला आत फारसं काही करता येत नाही, तरीही दारातून आत जाऊन परत बाहेर या. बाहेर पडताना शीक नावाचा गूढ योद्धा भेटतो आणि रेक्विम ऑफ स्पिरिट ही धून शिकवतो. ती मिळाली की वाळवंट पुन्हा तुडवायचं कारण उरत नाही. टेंपल ऑफ टाइममध्ये जाऊन मास्टर स्वोर्ड ही मोठ्या लिंकची तलवार परत ठेवा, लहान व्हा आणि तीच धून वाजवून इथे या.

आत जाण्याआधी बाहेर दोन कामं उरकून घ्या. दोन ताडांमधल्या कड्याच्या भिंतीला तडा गेलेला आहे. तिथे बॉम्ब लावा, आत महापरी आहे, तिच्यापुढे झेल्डाज ललबाय वाजवा. ती नायरूज लव्ह देते. हा मंत्र चालू असेपर्यंत लिंकला इजा होत नाही. दुसरं काम कोरड्या पडलेल्या तळ्याशी. तिथे साँग ऑफ स्टॉर्म्स वाजवलं की पाणी भरतं आणि पऱ्या येतात. एक बाटलीत भरा. लिंक कोसळला की ती त्याला उठवते, आणि पुढच्या दालनात तिची गरज पडू शकते.

छोट्या लिंकच्या बाजूला शिरताना नाबूरू ही गेरुडो भेटते. गेमचा खलनायक गॅनॉनडॉर्फ याच्याशी तिचं पटत नाही. सिल्व्हर गाँटलेट्स (ताकद देणारे हातमोजे) आणून दे म्हणून ती लिंकला बिळातून आत पाठवते. आतली कोडी सोपी आहेत, ती तुमची तुम्ही सोडवा.

शेवटी ते दालन. दोन्ही बाजूंना खांब, टोकाला सिंहासन, त्यावर नखशिखांत चिलखत घातलेला आयर्न नकल, हातात लिंकएवढी कुऱ्हाड. तो हलत नाही. तुम्ही पहिला वार करेपर्यंत तो उठतच नाही, आणि घाईत असणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. तेव्हा आत आल्यावर आधी दालनभर फिरून घ्या. खांब कुठे आहेत, मागे सरायला जागा किती आहे, भिंत कुठे आड येते, सगळं बघून ठेवा.

त्याची कुऱ्हाड एका घावात चार हृदयं (लिंकचा जीव यांतच मोजतात) नेते. तीनच हृदयं घेऊन आलात तर एका घावात खेळ खलास. ढालीच्या भरवशावर राहू नका, पायांच्या भरवशावर राहा.

तो उठला की झेड-टार्गेटिंगने त्याच्यावर नजर बांधा. स्विचवर झेडएल, थ्रीडीएसवर एल. क्योटोच्या तोएई चित्रपटनगरीत गेम बनवणाऱ्या मंडळींनी निंजांच्या लढाईचा खेळ पाहिला होता, आणि या नजर बांधण्याचं बीज तिथलं. एकमेकांभोवती फिरत, अंतर राखत लढायचं. आयर्न नकलसमोर ते जितकं जाणवतं तितकं या गेममध्ये दुसऱ्या कुठल्याच शत्रूसमोर जाणवत नाही.

आता अंतर. कुऱ्हाडीच्या टप्प्याच्या जरासं बाहेर उभं राहायचं आणि त्याला येऊ द्यायचं. तो धिमा आहे, एकेक पाऊल दणकन टाकत येतो. जवळ आला की दोनच गोष्टी करतो. एक, कुऱ्हाड आडवी फिरवतो. खांदा मागे गेलेला दिसला की मागे कोलांटी घ्या, वार हवेत जाऊ द्या. दोन, ती डोक्यावरून खाली आपटतो. ही तुमची संधी, कारण पातं जमिनीत रुततं आणि उपसून काढायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पुढे झेप घेऊन उडीचा वार, आणि लगेच मागे. दुसऱ्या वाराचा मोह सोडा. उडीचा वार साध्या वाराच्या दुप्पट लागतो, एकच पुरे.

छोट्या लिंकसाठी खास सूचना: कोकिरी स्वोर्ड बाजूला ठेवा आणि डेकू स्टिक हातात घ्या. काठी मारली की मोडते, पण तिचा मार तलवारीच्या दुप्पट आहे. काठीने उडीचे वार केले तर लढाई निम्म्या वेळात आटोपते. काठ्यांची पिशवी भरूनच या.

हृदयं कमी पडली तर खांबाआड जा आणि त्याला कुऱ्हाड चालवू द्या. तो खांब फोडतो आणि आतून हृदयं पडतात. म्हणून सुरुवातीलाच सगळे खांब फुटू देऊ नका, एक-दोन शेवटासाठी राखा.

निम्मी ताकद गेली की छातीवरचं आणि पाठीवरचं चिलखत गळून पडतं, आणि तो धिमा राहत नाही. लगबगीने चाल करून येतो, दोन वारांमधली सवड आटते. बरेच जण इथेच हरतात, कारण चिलखत पडलं म्हणजे जिंकलो असं वाटून ते अंगावर धावून जातात. अंतर थोडं वाढवा, डाव तोच ठेवा. नायरूज लव्ह वापरायचा असेल तर तो आता वापरा, सुरुवातीला नको.

तो पडला की मूर्तीच्या तळहातावर बाहेर या. पेटीत सिल्व्हर गाँटलेट्स आहेत. त्याच क्षणी खाली वाळूत जुळ्या चेटकिणी, कोउमे आणि कोटाके, नाबूरूला ओढून नेतात. लहानग्या लिंकला वरून नुसतं बघत राहावं लागतं.

मोठं होऊन परत आलात की गाँटलेट्स घालून जड दगड ढकलता येतात. मिरर शील्ड या आरशासारख्या ढालीच्या आधी दुसरा आयर्न नकल बसलेला आहे. डाव तोच, पण आता मास्टर स्वोर्ड आहे. बिगोरॉन्स स्वोर्ड मिळवली असेल तर आणखी बरं, तिचा मार मास्टर स्वोर्डच्या दुप्पट. फक्त ती दोन्ही हातांनी धरतात, ढाल घेता येत नाही.

तिसऱ्याला चेटकिणी स्वतः उठवतात. तो हरला की चिलखत गळतं आणि आतून नाबूरू निघते, मन ताब्यात घेतलेली. माहीत असूनही या खेपेला त्या लढाईत माझा हात जड झाला. पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी तिथे घाई करू नये, पुढचा प्रसंग पूर्ण बघावा. त्यानंतर लगेच त्याच चेटकिणींशी, म्हणजे ट्विनरोव्हाशी, शेवटची लढाई आहे, तेव्हा मॅजिक आणि हृदयं शिल्लक ठेवा आणि मिरर शील्ड हातात असू द्या.

गॅनॉनच्या मनोऱ्यात एकाच दालनात असे दोघं भेटतात. मारल्याशिवाय न उठण्याची खोड त्यांनाही आहे. एकाला उठवा, दुसऱ्याच्या सिंहासनापासून लांब ओढून आणा, त्याला पुरता संपवा आणि मगच दुसऱ्याला हात लावा.